आधी कागदावर, मग भिंतीवर!

बाथरूमचं काम निघालं की टाइल्सचं डिझाइन निवडायची जबाबदारी हमखास तुमच्यावर येते. कारण फोन तुमच्या हातात असतो. पण विटांसारख्या सरकवून लावलेल्या टाइल्स फोटोत जेवढ्या सोप्या दिसतात, तेवढ्या त्या भिंतीवर सोप्या नसतात. विचारा मला!

तुमच्या घरात आज ना उद्या हा सीन होणारच आहे. बाथरूमची भिंत ओली दिसायला लागते, खालच्या मजल्यावरच्या काकू छताचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, बाबा हिशोबाची वही काढतात आणि मग आई तुमच्याकडे वळून म्हणते, ‘‘तू बघ गं जरा फोनवर, हल्ली कसल्या टाइल्स चालतात ते.’’

झालं. आजवर तुम्हाला घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा कुणी विचारलेलं नसतं. आणि आता एकदम पुढची पंधरा-वीस वर्षं सगळ्यांना रोज बघावी लागेल अशी भिंत तुम्ही ठरवायची!

आमच्याकडे हे काम निघालं ते आजीमुळे. ती बाथरूममध्ये घसरली. मनगटावर निभावलं, पण त्यानंतर ती आत जाताना भिंतीला हात लावून चालायला लागली. मग ठरलं, शॉवरची जागा नव्यानं करायची, आजीला धरायला दांडा बसवायचा आणि गळतीही कायमची थांबवायची. डिझाइन माझ्याकडे आलं. मी दोन रात्री जागून एक फोटो निवडला. राखाडी, लांबलचक टाइल्स, विटांसारख्या अर्ध्या-अर्ध्या सरकवलेल्या. भारी दिसत होतं.

मिस्त्रीकाकांनी फोटो बघितला आणि मान हलवली. ‘‘ताई, दोन फुटी टाइल अर्ध्यावर सरकवू नका. कडा वर येतात.’’

मी म्हटलं, ‘‘काका, फोटोत आलंय ना पण!’’

काका पुढे काही बोलले नाहीत. संध्याकाळपर्यंत मागची अर्धी भिंत लावून झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हेंटिलेटरमधून तिरकं ऊन आलं आणि प्रत्येक सांध्याशी सावलीची एक बारीक रेघ उमटली. एका टाइलची कड वर, शेजारची आत. मी स्वतःला समजावत होते की एवढं कोण बघतंय. तेवढ्यात आजी आली, सवयीनं भिंतीवर हात ठेवून दोन पावलं चालली आणि म्हणाली, ‘‘हाताला कड लागते गं.’’

नऊ टाइल्स उचकटल्या. त्यातल्या सहा फुटल्या. एका दिवसाची मजुरी वाया गेली ती वेगळीच. आणि त्यानंतर मी काकांच्या शेजारी पालथ्या बादलीवर बसून जे शिकले, ते तुम्हाला आधीच कळावं म्हणून हा खटाटोप.

सरकवायचं म्हणजे किती?

टाइल्स लावायच्या मुख्य तऱ्हा तीन. पहिली सरळ, म्हणजे टाइलवर टाइल. उभे-आडवे सगळे सांधे एका रेषेत, गणिताच्या वहीसारखे. दुसरी अर्ध्यावर सरकवलेली. खालच्या टाइलच्या बरोब्बर मध्यावर वरचा उभा सांधा येतो. तिसरी एक तृतीयांश सरकवलेली. यात सांधे पायऱ्यांसारखे एका बाजूला चढत जातात, नाहीतर एक रांग पुढे, एक मागे अशी नागमोडी होते.

अर्ध्यावरची तऱ्हा आली विटांच्या बांधकामातून. काका त्याला ‘सांधेमोड’ म्हणतात. विटेच्या भिंतीत उभे सांधे एकावर एक आले तर तिथेच तडा जायची भीती, म्हणून सांधा मोडायचा आणि वजन वाटून द्यायचं. टाइलला मात्र ही गरज नाही. तिला मागचं अ‍ॅडेसिव्ह धरून ठेवतं. म्हणजे इथे सरकवणं हे फक्त दिसण्यासाठी असतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. दिसण्यासाठीच करायचं, तर ते नीट दिसलं पाहिजे ना?

दुकानात तुम्हाला ‘सबवे टाइल’ हा शब्द ऐकू येईल. तो न्यूयॉर्कचा. तिथली भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली. तिच्या स्टेशनांच्या भिंतींना हेन्स अँड लाफार्ज या वास्तुविशारदांनी पांढऱ्या, चकचकीत टाइल्स वापरल्या. धुवायला सोप्या आणि जमिनीखालच्या अंधारात उजेड परतवणाऱ्या. ती टाइल ३ इंच बाय ६ इंच. लक्षात आलं का? सरकवलेल्या भिंतीचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते छोट्या टाइलचं असतं. आपण तीच तऱ्हा एक बाय दोन फुटाच्या टाइलवर लादतो आणि फसतो.

केळीसारखी टाइल

फसतो कसे, ते काकांनी मला दोन टाइल्स घेऊन दाखवलं. एकाच बॉक्समधल्या दोन टाइल्स घ्यायच्या, चकचकीत बाजू समोरासमोर करून एकमेकींवर ठेवायच्या आणि कडेनं बघायचं. मध्ये टेकतात आणि टोकांना बारीक फट दिसते. ‘‘ही केळीसारखी असते ताई. थोडीशीच, पण असते.’’

कारण सरळ आहे. टाइल म्हणजे दाबून, भट्टीत भाजलेली माती. भाजताना ती आकसते आणि लांब टाइल मध्ये किंचित फुगते. हा दोष नाही. आयएस १५६२२ या भारतीय मानकातही टाइलच्या सपाटपणात थोडा फरक चालतो, तो ठरावीक मर्यादेत असला म्हणजे झालं.

आता विचार करा. टाइल सरळ लावली, तर टोकाशेजारी टोक येतं, फुगवट्याशेजारी फुगवटा. सगळं एका पातळीत. पण अर्ध्यावर सरकवली की एका टाइलचा सगळ्यात फुगीर भाग दुसऱ्या दोघींच्या सगळ्यात खालच्या टोकांना भिडतो. फुगवटा १ मिलिमीटरचा असला, तरी तिथे १ मिलिमीटरची पायरी तयार होते. मिस्त्री कितीही हुशार असो, ती पायरी त्याला पूर्ण पुसता येत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या टाइलकामाच्या मानकात नियमच आहे. टाइलची एखादी बाजू १५ इंचांपेक्षा लांब असेल, तर ३३ टक्क्यांपेक्षा जास्त सरकवायची नाही, कंपनीनं वेगळं सांगितलं असेल तरच. एक तृतीयांश सरकवल्यावर फुगवट्याचं शिखर टोकाला भिडत नाही. पायरी कमी होते. नाहीशी होत नाही, हेही खरं. फुगवटा जास्तच असेल, तर टाइल सरळ लावलेलीच बरी.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे बाथरूमच्या टाइल्स बऱ्याचदा ‘लाइट, डार्क, हायलायटर’ अशा सेटमध्ये मिळतात. त्यावरची वेलबुट्टी किंवा संगमरवरी रेघ शेजारच्या टाइलशी जुळते, ती सरळ लावण्याचं गृहीत धरून. अशी टाइल सरकवली की वेल मध्येच तुटते. सरकवायची असेल तर एकरंगी टाइल घ्या, नाहीतर जिची रेघ शेजारणीशी जुळायला नको अशी घ्या.

आमच्याकडे शेवटी तोडगा निघाला तो असा. आधीच घेतलेल्या एक बाय दोन फुटी टाइल्स बाजूच्या दोन भिंतींना सरळ लावायच्या. आणि सरकवलेली भिंत एकच, शॉवरच्या मागची. तिच्यासाठी १०० बाय ३०० मिलिमीटरची छोटी टाइल. माझी हौसही राहिली आणि आजीचा हातही.

टेप, पेन्सिल आणि एक संध्याकाळ

या वेळी काकांनी टाइलला हातच लावला नाही. आधी मला टेप दिला. ‘‘मापं घ्या. खाली, मध्ये आणि वर.’’ खाली भिंत १२२० मिलिमीटर होती, म्हणजे ४ फूट. वर १२१४. भिंती कधीच अगदी काटकोनात नसतात. हे तुम्हाला आधी कळलं तर ठीक. टाइल लावताना कळलं, तर शेवटचा तुकडा ते जगाला सांगतो.

आता गणित. घाबरू नका, दहावीचंसुद्धा नाही. टाइल ३०० आणि सांधा २, म्हणजे एक घर ३०२ मिलिमीटरचं.

डाव्या कोपऱ्यातून अख्खी टाइल लावत गेलो तर? चार टाइल्स आणि चार सांधे मिळून १२०८. उरले १२. म्हणजे उजव्या कोपऱ्यात बोटाएवढी चिंधी. तीही वर जाताना बारीक होत ६ वर येणार, कारण भिंत वर अरुंद आहे.

बरं, भिंतीचा मध्य काढून तिथे सांधा धरला तर? दोन्ही बाजू सारख्या होतील, पण प्रत्येक टोकाला ५ मिलिमीटरची चिंधी उरेल. ती कापतानाच तुटेल. पुढची, सरकवलेली रांग मात्र छान बसते. दोन्ही टोकांना १५६ चे तुकडे.

इथेच खरी मेख आहे. सरकवलेल्या भिंतीत तुम्ही एक रांग नाही, दोन रांगा ठरवत असता. एक चांगली बसली म्हणून दुसरी बसेलच असं नाही. दोन्हींचे चारही टोकांचे तुकडे कागदावर लिहून बघायचे. आम्ही सुरुवात पुढेमागे करत राहिलो आणि तिसऱ्या प्रयत्नात जमलं. पहिल्या रांगेत डावीकडे २३१, मग तीन अख्ख्या टाइल्स, उजवीकडे ८१. दुसऱ्या रांगेत डावीकडे ८०, तीन अख्ख्या, उजवीकडे २३२. बघा, जवळजवळ आरशातल्यासारखं! सगळ्यात छोटा तुकडासुद्धा ८० चा, म्हणजे पाव टाइलपेक्षा मोठा. आणि भिंतीतला तो ६ मिलिमीटरचा फरक ८० च्या तुकड्यात कुणाच्या नजरेतही येत नाही.

गणिताचा कंटाळा असेल तर एक जुनी युक्ती आहे. सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर टाइल-सांधा-टाइल-सांधा अशा खुणा करा आणि पट्टी भिंतीला लावून डावी-उजवीकडे सरकवत बसा. तुकडे डोळ्यांसमोर दिसतात.

उंचीचंही तसंच. १०२ च्या २१ रांगा म्हणजे साधारण ७ फूट. पण सगळ्यात खालची रांग आधी लावायची नाही. जमिनीला जाळीकडे उतार असतो. त्या उतारावरून सुरुवात केली तर अख्खी भिंत तिरकी होईल. म्हणून खालची रांग सोडून, लेव्हल बघून एक पट्टी ठोकायची आणि दुसऱ्या रांगेपासून वर जायचं. खालची रांग शेवटी, उताराप्रमाणे कापून.

बॉक्स किती घ्यायचे?

दुकानदार क्षेत्रफळ काढतो आणि वर दहा टक्के धरतो. आमच्या भिंतीचं क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस मीटर, एक टाइल ०.०३ ची. म्हणजे ८७ टाइल्स. दहा टक्के धरले की ९६.

आता कागदावरच्या नकाशावरून मोजा. २१ रांगा, प्रत्येकीत तीन अख्ख्या, म्हणजे ६३. प्रत्येक रांगेत एक मोठा तुकडा, त्याला एक टाइल जाते, म्हणजे २१. उरलेल्या २१ छोट्या तुकड्यांपैकी एका टाइलमधून किती निघतील? तीन, असं मीही म्हटलं होतं. काका हसले. मधल्या तुकड्याच्या दोन्ही कडा कापलेल्या येतात. कापलेली कड कोपऱ्यात लपवायची असते आणि कारखान्याची गुळगुळीत कड सांध्याकडे यायला हवी. म्हणजे एका टाइलमधून दोनच, ११ टाइल्स. एकूण ९५.

९६ घेतल्या असत्या, तर अख्ख्या कामात एकच टाइल फुटायची मुभा होती! आम्ही १०५ धरल्या. उरल्या त्या माळ्यावर ठेवल्यात. पुढे कधी पाइपसाठी भिंत फोडावी लागली, तर तीच शेड पुन्हा मिळेलच असं नाही. घेतानाही सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेडचा नंबर एकच आहे ना, ते तपासा. आपल्याकडच्या कितीतरी टाइल्स गुजरातमधल्या मोरबीतून येतात. पण एकाच कारखान्याच्या दोन बॅचमध्येही रंगाचा किंचित फरक असू शकतो, आणि तो भिंतीवर लावल्यावरच कळतो.

नळ, कोपरे आणि आजीचा दांडा

नकाशावर फक्त टाइल्स काढून थांबू नका. नळ, शॉवर, साबणाचा कोनाडा, सगळं काढा. कोनाड्याच्या कडा सांध्यांवर आल्या तर कापाकापी निम्मी होते. कोनाडा भिंत फोडायच्या आधी ठरतो, तेव्हा टाइलचं मापही त्याआधीच ठरलेलं हवं.

आजीच्या दांड्यासाठी आम्ही टाइल्स लावण्यापूर्वी तिलाच तिथे उभं केलं. तिचा हात सहज जिथे गेला, तिथे खूण केली. मग नकाशावर बघितलं तर एक भोक नेमकं टाइलच्या कडेवर येत होतं. कडेला ड्रिल लावलं की टाइल तडकते. दांडा दोन बोटं वर घेतला, भोकं टाइलच्या पोटात आली. नंतर हा बदल करताच आला नसता. आणि हो, दांड्याचा स्क्रू नुसत्या टाइलमध्ये नाही, मागच्या विटेत गेला पाहिजे.

एक कबुलीही देते. छोट्या टाइलच्या तीन रांगा सांधे धरून ३०४ होतात आणि बाजूच्या भिंतीची टाइल ३०० ची. त्यामुळे कोपऱ्यात आडवे सांधे जुळत नाहीत. वर जाता जाता हा फरक जवळजवळ इंचभर होतो. दोन मापांच्या टाइल्स मिसळणार असाल, तर हे आधी मोजा. आम्ही मोजलं आणि चालेल म्हटलं. आधी माहीत असलेली खोट नंतर टोचत नाही.

सांध्यांचा हिशोब आईकडे

डिझाइन आपण निवडतो, पण घासतं कोण? प्रामाणिक उत्तर द्या!

एक बाय दोन फुटी टाइलच्या एक चौरस मीटर भिंतीत सुमारे ५ मीटर सांधे असतात. १०० बाय ३०० ला सुमारे १३ मीटर. आणि त्या सबवेच्या ३ बाय ६ इंची टाइलला जवळजवळ २० मीटर, म्हणजे चौपट. तेवढीच शेवाळ आणि साबणाची बैठक. आईनं हा आकडा ऐकला आणि सरकवलेली भिंत एकच करायची, यावर शिक्का मारला.

ग्राउटचा रंगही पॅटर्नचाच भाग आहे. टाइलच्याच रंगाचं ग्राउट घेतलं तर पॅटर्न विरघळून भिंत शांत दिसते. विरुद्ध रंगाचं घेतलं तर प्रत्येक सांधा ठळक दिसतो, आणि प्रत्येक चूकसुद्धा. पांढरं लवकर मळतं. काळ्यावर बोअरच्या पाण्याचे क्षार पांढरे दिसतात. आम्ही मधलं राखाडी घेतलं. बजेट असेल तर शॉवरच्या भागात एपॉक्सी ग्राउट बघा. महाग पडतं, पण पाणी आणि डाग फारसे धरत नाही. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात मात्र ग्राउटऐवजी सिलिकॉन. भिंती किंचित हलतात, ग्राउटला तिथे चीर पडते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. टाइल म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे. साध्या सिमेंटच्या सांध्यांतून पाणी आत जातंच. ते अडवायचं काम टाइलच्या मागच्या वॉटरप्रूफिंगच्या थराचं. तो थर झाल्यावर जाळी बंद करून जमिनीवर किमान २४ तास पाणी साठवा आणि खालच्या काकूंना छत बघायला सांगा. छत कोरडं राहिलं, तरच टाइलचा पहिला बॉक्स उघडा. पॅटर्न चुकला तर डोळ्यांना खुपेल. हे चुकलं तर सगळंच पुन्हा फोडावं लागेल.

तर, पुढच्या वेळी आई ‘‘तू बघ गं’’ म्हणाली, की फोटो जरूर बघा. पण फोटो दाखवून झाला की मिस्त्रीकाकांना एक प्रश्न विचारा, ‘‘आपल्या भिंतीवर हे कसं बसेल?’’ आणि ते जे सांगतील, ते ऐका. माझी चूक टाइल निवडताना झालीच नव्हती. ती झाली काका बोलत असताना मी फोन पुढे केला तेव्हा.

आमचं बाथरूम झालं. व्हेंटिलेटरमधून सकाळी तसंच तिरकं ऊन येतं, पण सावलीची रेघ कुठेच उमटत नाही. पहिल्या दिवशी आजी आत गेली, एक हात दांड्यावर, दुसरा सवयीनं भिंतीवर. मी बाहेर कान देऊन उभी. बाहेर आली तेव्हा टाइल्सबद्दल ती एक शब्दही बोलली नाही.

माझ्यासाठी तोच रिझल्ट होता. पास!